ऑरिनच्या हातची चाळीस काडतुसं

हॅलेट क्रीक, मोंटाना
२ ऑगस्ट १९९४

डेल,

तुझं कार्ड पोचलं. मासे नदीतून वर चढायला लागले की तुला नदी सोडता येत नाही हे मला ठाऊक आहे. तुझा वर्षाचा घास त्या तीन आठवड्यांत असतो. आणि ऑरिन काही तुझ्यासाठी थांबणार नव्हता. त्याला तुमच्या आईशेजारी ठेवलंय.

कसं झालं, असं तू विचारलंस. गावाला मी दोन वाक्यांत सांगते. तुला सगळं सांगते, कारण तो तुझा भाऊ.

१६ जुलै, शनिवार. दुपारी आम्ही खडीच्या खाणीत गेलो. त्याला रायफलीचा नेम तपासायचा होता. ऊन एवढं की ट्रकच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता, आणि काडतुसांचा डबा त्याच पत्र्यावर उघडा पडलेला. पहिली गोळी झाडली, रिकामं नळकांडं काढायला नळीमागचा बोल्ट ओढला, तो जड उघडला. दुसरी झाडली, तेव्हा तळहातानं ठोकून उघडावा लागला. मी म्हटलं, "थांब, काहीतरी बिघडलंय." तो म्हणाला, "ऊन आहे गं, पितळ फुगतं. तू चहा ओत."

तिसरीचा आवाज गोळीसारखा नव्हता. पत्र्यावर फळी आपटावी तसा होता. बोल्ट उचकटून मागे आला आणि उजव्या डोळ्याखाली शिरला. तो पडला नाही, डेल. दमलेला माणूस बसतो तसा खाली बसला. हात गालाकडे नेला, तर हाताला गाल सापडेना. मी त्याला ट्रकमध्ये कसं चढवलं ते आठवत नाही. एका हातानं चाक, एका हातानं त्याचं डोकं. दवाखाना बेचाळीस मैल. धान्याच्या कोठारापाशी त्याच्या बोटांनी माझा हात सोडला. तरी पुढचे अकरा मैल मी तेवढ्याच वेगानं गेले.

शेरीफचा माणूस म्हणाला, "काडतुसात दारू दुप्पट पडली असणार, बाई. वय झालं की होतं." एकसष्ट म्हणजे काय वय? तीस वर्षं तो बंदुकीची दारू काट्यावर दाणा दाणा तोलत आला. अर्धं गाव त्याच्याकडून काडतुसं भरून घ्यायचं. आता तीच माणसं त्याची काडतुसं पुलावरून नदीत फेकताहेत. माझ्यादेखत.

मला एवढंच हवंय. त्याचा हात चुकला का, ते कुणीतरी मला खरं सांगावं. एप्रिलमध्ये तू आठवडाभर त्याच्या टेबलाशी बसला होतास. ही काडतुसं तू आणलेल्या टोप्यांवरच भरलेली. मसुराएवढी वस्तू, पण ती बुडात बसल्याशिवाय काडतूस पेटत नाही, आणि तेव्हा ती राज्यातल्या एकाही दुकानात मिळत नव्हती. तू शंभरांचं खोकं टेबलावर ठेवलंस तेव्हा तो आमच्या लग्नात हसला नव्हता तेवढा हसला.

तू तिथे काय पाहिलंस?

लोरीन

*

कोयुकुकचा काठ, अलास्का
२१ ऑगस्ट

लोरीन,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवलं नाही.

उशीर झाला त्याचं कारण अस्वल. मासे वाळवायची खोप त्यानं परवा फोडली. मी दारातून तीन गोळ्या घातल्या, तरी ते येतच राहिलं. शेवटी चौथी तोंडात घातली आणि मग कुऱ्हाडीनं संपवलं, कारण ते रडत होतं. अस्वल माणसासारखं रडतं, हे तुला ऑरिननं सांगितलंच असेल. माझ्या दोन कुत्र्यांपैकी एक गेला.

दुप्पट दारूचं म्हणणाऱ्याला सांग, आधी एक काडतूस भरून बघ. ऑरिनच्या मापानं नळकांडं गळ्यापर्यंत भरतं. दुप्पट घातली तर टेबलभर सांडेल. आंधळ्यालाही कळेल. त्याचा हात चुकला नाही. हे मी शपथेवर सांगतो.

मग काय? माझं मत विचारशील तर दारूच भलती असेल. टंचाई सुरू झाल्यापासून आर्विड स्कोग मोठ्या पिंपातली दारू सुट्या डब्यांत भरून विकतो, हे मी स्वतः पाहिलं. एक डबा दुसऱ्याच्या जागी गेला की झालं. मी तिथे नाही, तू बघ.

त्या खोक्यातून त्यानं किती भरली होती? उरलेली कुठे आहेत? सगळी गोळा कर आणि पुरून टाक. कुणाला वापरू देऊ नकोस.

डेल

*

हॅलेट क्रीक
६ सप्टेंबर

डेल,

तुझं पत्र शनिवारी आलं आणि मी तशीच आर्विडच्या दुकानात गेले. कॉफीच्या टेबलाशी नेहमीचे सहाजण होते. मी विचारलं, "आर्विड, जूनमध्ये ऑरिनला दिलेला डबा तू कुठल्या पिंपातून भरलास?"

तो म्हणाला, "लोरीन, बस. कॉफी घे."

"कॉफी नको. पिंप दाखव."

"पिंपावर नाव आहे, डब्यावर नाव आहे, खाली माझी सही आहे. दुसरी दारू मी त्या खोलीत ठेवतच नाही. तुला हे कुणी भरवलं?"

मागून हॅरल्ड बोलला, "अगं, म्हाताऱ्याचा चष्मा सुटला असेल. दुसऱ्याच्या गळ्यात कशाला बांधतेस?"

मी ऑरिनची रायफल पिशवीतून आणली होती. शेरीफनं परत दिलेली, दस्ता फुटलेली, नळी मात्र शाबूत. आर्विडनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी ती नळी त्याच्या तोंडावर हाणली. तो खाली गेला. मी पुन्हा हाणली. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि खोटं कशाला सांगू, तो आवाज मला बरा वाटला. हॅरल्ड आणि दुसऱ्या दोघांनी मला ओढेपर्यंत फरशीवर रक्त आणि कॉफी एक झाली होती. त्याचे दोन दात गेले.

शेरीफ आला. आर्विडला बोलता येत नव्हतं. त्यानं कागद मागितला आणि लिहिलं, "मी घसरून पडलो." मग माझ्याकडे बघून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, "ऑरिनचा हात चुकत नाही. हंगाम उघडेल त्या दिवशी मी त्याच्याच काडतुसांनी शिकार करणार." सगळ्या गावानं फेकून दिली तेव्हा ठेवणारा तो एकटा आहे, हे मला तेव्हा कळलं. तरी माझा राग उतरला नाही. मला वाटलं, हा पापी आहे म्हणून गोड बोलतोय.

तू विचारलंस ते. त्या खोक्यातून चाळीस भरली. वीस आपल्याला, वीस आर्विडला. आपल्यातली तीन झाडली, सतरा माझ्याकडे आहेत. साठ टोप्या खोक्यात तशाच आहेत. आर्विडची आर्विडकडे. ती मागायला मी आता कुठल्या तोंडानं जाऊ? आणि दारू भलती होती तर त्याची त्याला फळं मिळू देत.

लोरीन

*

कोयुकुकचा काठ
२० सप्टेंबर

लोरीन,

आर्विडला सोड. मी आपलं सहज म्हटलं होतं, तू त्याचा जबडा मोडशील असं कुठे वाटलं मला? सुट्या डब्यांचं मला नीट माहीतही नाही.

त्याच्याकडची वीस मात्र परत घे. कशीही घे. चोरून आण.

अक्षर वाकडं आलंय, डाव्या हातानं लिहितोय. गावात जाळ्यावरून भांडण झालं. समोरचा दोन शब्द बोलला होता. मी त्याला पाण्यात दाबून धरलं. चौघांनी सोडवलं नसतं तर तो मेला असता. माझ्या उजव्या मनगटाचा सांधा गेला. तो माणूस वाईट नव्हता.

इथे बर्फ सुरू झालं. आणखी काय लिहू.

डेल

*

हॅलेट क्रीक
३ ऑक्टोबर

डेल,

मी आठवीत शाळा सोडली हे तुला ठाऊक आहे. पुढचं जे काही शिकले ते ग्रंथालयाच्या गाडीतून. आता महिनाभर मी ऑरिनचं टेबल आणि त्याची काडतुसं भरायची पुस्तकं घेऊन बसले आहे. पहिल्या दहा पानांना चार दिवस लागले.

उरलेल्या सतरांपैकी पाच मी खोलली. गोळी ओढून काढली, दारू काट्यावर ओतली. पाचही वेळा वहीत लिहिलेलं माप. काटा केसभर हलला नाही. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे अंगणात, फावड्यावर, चिमूटभर त्या काडतुसातली आणि चिमूटभर आर्विडकडून पूर्वी आणलेल्या, कंपनीचं सील असलेल्या डब्यातली दारू शेजारी शेजारी पेटवली. तोच रंग, तोच वास, जळायला तेवढाच वेळ. दारू बरोबर होती. मी निर्दोष माणसाचं तोंड फोडलं.

मग मी वही उघडली. ऑरिननं पहिल्या पानावर स्वतःसाठी लिहिलंय, "टोपी बदलली तर दारूच्या मापात दोन ग्रेन खाली ये आणि पायरी पायरीनं वर चढ." तीस वर्षांत त्यानं चार वेळा टोपी बदलली आणि चारही वेळा तसंच केलं. या खेपेला केलं नाही. का करेल? खोक्यावर त्याच्या नेहमीच्या साध्या टोपीचंच नाव आहे. त्यानं आपलं पुरं माप घातलं, जे आधीच रायफलीला सोसण्याच्या काठाला लागलेलं होतं.

पुस्तकात एक ओळ जाड अक्षरांत आहे. टोप्या ज्या खोक्यात आल्या त्यातून कधीही दुसऱ्या खोक्यात काढू नयेत, कारण बसवल्यावर साधी कुठली आणि मॅग्नम कुठली हे नजरेला कळत नाही. मॅग्नमचा जाळ मोठा असतो म्हणे, दारू जास्त जोरानं पेटते, आणि उन्हात तापलेली असली तर आणखीच. कडाक्याच्या थंडीत दारू धड पेटत नाही तिथे ती वापरतात.

तू कडाक्याच्या थंडीत राहतोस.

ते खोकं तू आणलंस तेव्हा त्याला सील होतं का? मी तुला दोन पत्रांत ओळखायला हवं होतं. किती भरली हे तू टोप्यांच्या खोक्याचं विचारलंस, दारूच्या डब्याचं नाही. सरळ लिही. हंगाम २३ तारखेला, रविवारी उघडतोय, आणि आर्विड दार उघडत नाही. मी तीनदा गेले. त्याची बायको जॉईस फटीतून म्हणते, "तू निघ, नाहीतर मी कुत्रा सोडीन."

लोरीन

*

कोयुकुकचा काठ
११ ऑक्टोबर

लोरीन,

सील नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी छप्पर गळलं आणि माझ्या टोप्यांचं खोकं भिजून लगदा होऊ लागलं. टोप्या कोरड्या होत्या. एक रिकामं कोरडं खोकं पडलं होतं, त्यात मी त्या भरल्या. ते रिकामं खोकं साध्या टोप्यांचं होतं, कुणीतरी इथे सोडून गेलेलं. माझ्याकडे मॅग्नमशिवाय काही नसतंच. इथे उणे चाळीसला साधी टोपी लावली तर रायफलीची पिन आपटते, काही होत नाही, आणि समोरचं मूस हरीण तुझ्याकडे बघत राहतं. त्यामुळे खोक्यावर काय छापलंय हे मी वाचतच नाही. माझ्या घरात टोपी म्हणजे मॅग्नम. तेच खोकं उचलून एप्रिलमध्ये भावाला दिलं. माझ्याकडची शेवटची शंभर होती ती. मला वाटलं, केवढं देतोय मी.

आता पुढचं लिहितो. खोकं बदलल्याचं मला परतीच्या विमानात आठवलं. नदी खाली दिसायला लागली तेव्हा. मनात आलं, ऑरिनला कळवायला हवं. मग वाटलं, तो काय पोरगा आहे? तो खालून चढत जातो, त्याला कळेलच. मग जाळी, मग बोट, मग मासे. मला आठवत होतं, लोरीन. मे महिन्यात आठवत होतं आणि जूनमध्येही. प्रत्येक वेळी मी म्हटलं, पुढच्या टपालाला.

तुझं पहिलं पत्र वाचलं आणि मला बोल्ट जड उघडल्याच्या ओळीपाशीच कळलं. मी आर्विडचं नाव घातलं, कारण माझं घालवेना. तू त्याला मारशील असं वाटलं नव्हतं. पण मारलंस हे वाचलं तेव्हा, देवाशपथ, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या माणसाला मी नदीत दाबलं.

नदी गोठली की मी येतो. तुझ्या हातात जे असेल ते घे. मी हात वर करणार नाही.

डेल

*

हॅलेट क्रीक
२४ ऑक्टोबर

डेल,

तुझं पत्र मला शनिवारी, २२ तारखेला मिळालं. टपाल कार्यालयातच उभ्यानं वाचलं.

आर्विडचं दुकान बंद होतं. जॉईसला मी दारातून पत्र दाखवलं तेव्हा तिनं कुत्रा आत बांधला. आर्विड शुक्रवारीच वरच्या कड्यावर तंबू घेऊन गेला होता. मी निघाले. बर्फात ट्रक नाल्यात गेला. रात्र ट्रकमध्ये काढली आणि दिसू लागल्यावर चालत सुटले. उजेडाबरोबर शिकार सुरू होते, तुला ठाऊक आहे. दर दहा पावलांनी मी आवाजाची वाट बघत होते. फळी आपटल्यासारख्या आवाजाची.

तो कड्यावर पालथा पडला होता. खाली झुडपात मोठ्या शिंगांचा नर एल्क, दोनशे पावलांवर. रायफल खांद्याला, गाल दस्त्यावर टेकलेला, त्याच जबड्याचा. मी ओरडले तर दचकून तो चाप ओढेल म्हणून ओरडले नाही. धावत जाऊन नळीसमोर पडले.

त्यानं काय काय शिव्या दिल्या ते दातांना बांधलेल्या तारेतून नीट कळलं नाही. एल्क गेला. त्याला वाटलं, मी पुन्हा मारायला आले. त्यानं दस्ता माझ्या बरगडीत घातला. दोन मोडल्यात, डॉक्टरनं काल सांगितलं. मी पडल्या पडल्या बोल्टचा दांडा धरला आणि म्हटलं, "हवं तर मला मार आर्विड, पण हे झाडू नकोस." तो थांबला. मी बोल्ट उघडला. काडतूस बर्फात पडलं.

त्यानं आदल्या दुपारी दोन झाडली होती, नेम बघायला. दोन्ही वेळा बोल्ट जड उघडला. त्याला वाटलं, थंडीनं तेल घट्ट झालं असेल. थंडी होती म्हणूनच तो जिवंत आहे. जुलैत असता तर जॉईस माझ्याशेजारी काळे कपडे घालून बसली असती. नळीत होतं ते तिसरं.

मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिथेच, बर्फात बसून. एकही ओळ गाळली नाही. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे ऑरिनचा हात बरोबर होता."

"बरोबर होता."

त्यावर तो रडला, आणि मी जुलैपासून नव्हते रडले ती रडले. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "आधी माझे दोन दात शोधून दे." मग मला पाठीवर घेऊन खाली आला, मोडलेल्या जबड्यानं शिव्या देत.

आता तुझं. ऑरिननंही चूक केली. बोल्ट दोनदा सांगत होता आणि त्यानं ऐकलं नाही. ती मी त्याच्या नावावर ठेवते. खोकं बदलणं ही चूक होती, ती मी तुझ्या नावावर ठेवते, आणि तेवढ्यासाठी मी तुला कधीतरी जेवायलाही वाढलं असतं. पण एका गोष्टीचा मी कालपासून पडून विचार करतेय. तुझं पत्र अकरा तारखेचं. मला बावीसला मिळालं. अकरा दिवस. एक वादळ मध्ये आलं असतं तर ते हंगाम उघडल्यावर आलं असतं. तुझ्या टपालाच्या गावात दुकानदाराकडे टेलिफोन आहे. टपाल टाकलंस त्याच खोलीत. तू टेलिफोनसमोर उभा राहून पाकिटाला तिकीट चिकटवलंस, कारण पाकिटाला आवाज नसतो. कबुली देतानासुद्धा तू आर्विडचा जीव टपालात टाकलास.

म्हणून इथे येऊ नकोस. मला तुला मारायचं नाही. माणसाच्या तोंडावर लोखंड हाणल्यावर कसं वाटतं ते मला आता माहीत आहे, आणि ते मला पुन्हा नको.

उरलेली सगळी काडतुसं मी आणि आर्विडनं मिळून खोलली. साठ टोप्या तेलात बुडवल्या.

शनिवार, १२ नोव्हेंबर. आमच्या वेळेनं सकाळी दहा वाजता आर्विडच्या दुकानात टेलिफोन कर. नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. सहाहीजण कॉफीला असतील, हॅरल्ड असेल, शेरीफच्या त्या माणसालाही मी बोलावलंय. आर्विड रिसीव्हर टेबलाच्या मधोमध ठेवील. तू फक्त बोलायचं, विमानात आठवलं तिथपासून. मोठ्यानं बोल. आर्विडला अजून बोलताना दुखतं, त्याला पुन्हा पुन्हा "काय म्हणालास?" विचारायला लावू नकोस.

लोरीन